बंद लाईन

प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती आणि तिचा बाप जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. पत्रात लिहिलं होतं, सहा आठवडे, नागपूरला, राहायचं तिथल्याच वसतिगृहात, मधे सुट्टी नाही. सासू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला मी आत्याबाई म्हणते. काय आलं म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. हातातली शेंग पूर्ण सोलून झाल्यावर ती म्हणाली, "जाय. त्याच्या जागी लागली, तं त्याचं सारंच करा लागते."

माझा नवरा वीज खात्यात लाईनमन होता. तो गेल्यावर त्याच्या जागेवर मला घेतलं. लग्नाआधी मी वाशीमला आयटीआय केलं होतं, वायरमनच्या ट्रेडला आम्ही तीनच मुली होतो. ते सर्टिफिकेट लग्नानंतर ट्रंकेच्या तळाशी गेलं होतं. त्यामुळे ऑफिसात फायली उचलायचं काम न देता मला तंत्रज्ञ म्हणून लाईनवरच घेतलं. आधी प्रशिक्षण, मग नेमणूक.

तो कसा गेला ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमचं गाव मेडशीपासून जवळ. मे महिना होता. गावाबाहेरच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वरची तार तुटली होती, अर्ध्या गावाची लाईट गेली होती. त्यानं उपकेंद्रात फोन केला. उपकेंद्रातला ऑपरेटर आमच्याच गावचा, पलीकडच्या गल्लीतला. ऑपरेटरनं लाईन बंद केली, तसं फोनवर सांगितलं. याला ते परमिट म्हणतात. मग नवरा वर चढला आणि त्याचा हात तारेला लागला तेव्हा तारेत करंट होता. खांबाला बांधलेल्या पट्ट्यामुळे तो खाली पडला नाही. मी शेतातून पळत गेले तेव्हा तो वरच होता, मान एका बाजूला, जणू खाली कुणाशी बोलतोय. त्याला उतरवायला फार वेळ लागला. लाईन खरंच बंद आहे का याची कुणालाच खात्री वाटत नव्हती, म्हणून कुणी हात लावेना.

गावात त्याच दिवशी एक गोष्ट पक्की झाली. माणूस खांबावर असताना ऑपरेटरनं लाईन सुरू केली. दुसरं काय असणार? चौकशी झाली, साहेब लोक आले, कागद झाले, त्यात अपघात असं लिहिलं. उपकेंद्राच्या वहीत लाईन बंदच होती अशी नोंद आहे म्हणाले. वही त्यांचीच, पेनही त्यांचाच, असं आम्ही म्हणालो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो ऑपरेटर बायकोला घेऊन आला. पांढरा शर्ट, हातात फुलं. आमच्या घरी तो कितीदा जेवला होता. भंतेजींची वंदना चालली होती. मी उठले. सगळ्यांच्या देखत त्याला म्हटलं, "माह्या पोरीच्या बापाले मारलं, आन आता जेवाले आला काय?"

 फुलं कुठे ठेवावी ते त्याला कळेना, शेवटी त्यानं ती दारातल्या खुर्चीवर ठेवली आणि दोघं गेले. नंतर कुणीतरी त्या खुर्चीवर बसलं.

त्यानंतर गाव त्यांच्याशी बोलेनासं झालं. त्याची बायको शिवणकाम करायची. माझी दोन ब्लाऊजची कापडं तिच्याकडे होती, ती मी न शिवता परत मागवली. मग बाकीच्या बायकांनीही मागवली. चारेक महिन्यांत त्यांनी घराला कुलूप लावलं आणि तो बदली घेऊन मानोऱ्याकडे, पोहरादेवीच्या बाजूला गेला. ते घर बंद झालं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. आज ते कबूल करायला जड जातं, पण बरं वाटलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी मुलगी शेळीजवळ बसली होती. तिला आम्ही सांगून ठेवलं होतं की पप्पा लांब ड्युटीवर गेले. माझी बॅग पाहून ती म्हणाली, "तू पप्पाजवळ चाल्ली काय?"

मी नाही म्हटलं. शिकायला चालले, म्हटलं.

"मंग वापस येशीन?"

येईन म्हटलं. तिनं मान हलवली आणि शेळीकडे वळली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. आत्याबाई फाट्यापर्यंत आली. अकोल्याची एसटी आली तेव्हा तिनं माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि म्हणाली, खांबावर चढताना खाली पाहू नको. हे तिला कुणी सांगितलं असेल, मला माहीत नाही. बहुतेक त्यानंच.

पातूरचा घाट उतरेपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून होते. अकोल्याला गाडी मिळाली, जागा मिळाली नाही. वर्ध्यापर्यंत दाराजवळ उभी होते. लग्नानंतर पहिल्यांदाच मी एकटी कुठे चालले होते, आणि एवढ्या दूर तर कधीच नाही. खरं सांगायचं तर वर्ध्याच्या पुढे गाडी थोडी रिकामी झाली, मला बसायला मिळालं, आणि त्या तासाभरात मला कुणाचीच आठवण आली नाही. उतरल्यावर त्याची लाज वाटली.

केंद्र शहराच्या बाहेर होतं. मोठं मैदान, त्यात ओळीनं खांब उभे, त्यांच्यावर तारा, पण कुठेच न जाणाऱ्या.  आम्ही चाळीस जण, त्यात बाया पाच. माझ्या खोलीत चंद्रपूरकडची एक मुलगी होती, बावीस-तेवीसची, लग्न न झालेली, सारखी बोलणारी. माझा नवरा कशानं गेला ते मी तिला सांगितलं नाही. आजारी होता म्हटलं. तिथे मी सगळ्यांना तेच सांगितलं.

शिकवणारे सर निवृत्तीला आलेले होते. त्यांच्या उजव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती आणि खडू ते उरलेल्या तीन बोटांत धरायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, माझी घाई. त्याहून जास्त सांगायचे नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात खांबावर चढायला लावलं. आम्हाला पट्टे वाटले. माझ्या हातात आला तो नवा होता, चामड्याचा वास येत होता, पण बक्कल तसंच होतं. तसल्याच बक्कलाचा त्याचा पट्टा मी रोज संध्याकाळी खिळ्याला अडकवायचे. चौथ्या पायरीवर माझे हात खांबाला चिकटले. वरही जाता येईना, खालीही येता येईना. खाली मुलं हसत होती, मग हसायची थांबली. सर येऊन खांबाखाली उभे राहिले. चढ म्हणाले नाहीत, उतर म्हणाले नाहीत. नुसते उभे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मी एक हात सोडला आणि वरची पायरी धरली. वर गेल्यावर पट्टा खांबाभोवती टाकून लावला आणि त्यात मागे रेलले, शिकवलं होतं तसं. तो पट्टा माणसाला कसा धरतो ते मला तेव्हा कळलं. अगदी घट्ट धरतो. माणूस मेला तरी सोडत नाही.

घरी रोज फोन करायचे, अंगणवाडी सुटायच्या वेळी. पहिला आठवडा मुलगी बोलली. काय खाल्लं, शेळीनं काय केलं, कुणी कुणाला मारलं. दुसऱ्या आठवड्यात ती फोन कानाला लावायची पण बोलायची नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. तिसऱ्या आठवड्यात आत्याबाई सांगायला लागली की ती खेळायला गेली. आणि मागून मला तिचा आवाज ऐकू यायचा. एकदा तर स्पष्ट ऐकलं, "नाई बोलाचं मले." आत्याबाईनंही ऐकलं असणार. ती लगेच पावसापाण्याचं बोलायला लागली.

चौथ्या आठवड्यात तो वर्ग झाला.

सर वर्गात आले, टेबलावर एक पोतं ठेवलं आणि फळ्याकडे पाठ करून विचारलं, "लाईन बंद आहे. परमिट घेतलं आहे. ऑपरेटरनं सुरू केली नाही. तरी माणूस मरते. कसा?"

 मी हात वर केला. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा हात वर केला होता. मी म्हटलं, ऑपरेटर खोटं बोलतो. त्यानंच सुरू केलेली असते.

मुलं हसली. सर हसले नाहीत. ते म्हणाले, तसंही होते, पण मी विचारलं ते तसं नाही. मग त्यांनी फळ्यावर डीपीचं चित्र काढलं. एका बाजूला अकरा हजारांची लाईन, दुसऱ्या बाजूला गावातली घरं. करंट लाईनीकडून घराकडे येतो, अकरा हजारांचा घरातला होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आता समजा, ते म्हणाले, गावात लाईट नाही, आणि कुणी तरी जनरेटर लावला. कुठे चक्की असते, कुठे लग्न असते. जनरेटर लावताना मेन स्विच पाडायचा असतो. नाही पाडला. मग तो करंट त्या घरात राहत नाही. उलटा निघतो, तारेनं डीपीत येतो, आणि घरातला होता तो डीपीच्या वरच्या बाजूला अकरा हजारांचा होऊन निघतो. उपकेंद्रात लाईन बंदच असते. वहीत बंद, स्विच बंद. ऑपरेटरला काही माहीत नसते. आणि वर माणूस.

तो गेला त्या दिवशी आमच्या गावात लग्न होतं. मी शेतात होते आणि लाईट गेलेली असूनही गाणी चालूच होती. बाजूच्या वावरातली बाई म्हणाली होती, या लग्नवाल्यायचं बरं हाय, लाईट नसली तरी नाचून राह्यले. हे मला सव्वा वर्षात एकदाही आठवलं नव्हतं. त्या बाकावर बसल्या बसल्या ते गाणंसुद्धा आठवलं.

सर म्हणाले, यातून वाचायचा उपाय एकच. लाईन बंद आहे असं ब्रह्मदेवानं सांगितलं तरी आधी तारा जमिनीला जोडायच्या, मग हात लावायचा. मागून, पुढून, कुठूनही करंट आला तर तो जमिनीत जाते, माणसात नाही जात. असं म्हणून त्यांनी पोत्यात हात घातला आणि साखळी काढली. लांब, जाड कड्यांची, तिला तीन आकडे.

तशीच साखळी आमच्या घरी होती. शेळी बांधलेली असायची तिनं.

अपघाताच्या आठ-दहा दिवस आधी त्यानं ती घरी आणली होती. एक आकडा निखळला होता, मेडशीला वेल्डिंगवाल्याकडे न्यायची होती. दाराआड पोत्यात पडून होती. माझ्या पायात यायची. त्या सकाळी मी त्याला म्हटलं होतं, ही तेवढी घेऊन जाय. तो गाडीला किक मारत म्हणाला, "उद्या नेतो. आज दोन मिनिटाचं काम हाय." त्यानंतर ती तिथेच राहिली, आणि पावसाळ्यात शेळीचं दावं सडलं तेव्हा आत्याबाईनं ती काढून शेळीला लावली.

आयटीआयत मी अर्थिंग शिकले होते. खड्डा, मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, आकृती काढून दाखवली की पाच मार्क. साखळी कशासाठी ते मला माहीत नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण आकडे असलेली साखळी लाईनमन कशाला वापरतो, हा प्रश्न पडण्याइतकं मी नक्कीच शिकले होते. मला तो विचारायचा नव्हता.

वर्ग संपल्यावर मी सरांच्या मागे गेले. त्यांना पहिल्यांदा खरं सांगितलं. नवरा कसा गेला, कोणत्या वेळी, गावात काय होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वहीत लाईन बंद होती का, विचारलं. होती म्हटलं. मग विचारलं, अर्थिंग केलं होतं का. मी सांगितलं, साखळी घरी होती.

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी तिथं नव्हतो, ताई. पण तुम्ही सांगता तसं असेल, तर ऑपरेटरनं त्याला नाही मारलं."

तो जनरेटर कुणाचा होता ते आता कळणार नाही, असंही म्हणाले. मांडववाले आज इथे, उद्या तिथे. त्यांनाही माहीत नसते आपण काय केलं.

उरलेले दोन आठवडे मी सगळं नीट केलं. खांबावर चढले, उतरले, तारा जोडल्या. चंद्रपूरची मुलगी म्हणायची, ताई तुम्ही आता हसत का नाही, आधी तरी थोड्या हसायच्या. परीक्षेत लाईनवर काम करण्याआधीची काळजी असा प्रश्न आला होता. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क पडले.

घरी आले तर मुलगी आत्याबाईच्या मागे जाऊन उभी राहिली. मी हात पुढे केला तर तिनं आजीचं लुगडं घट्ट धरलं. आत्याबाईला ती आता माय म्हणत होती. मला काहीच म्हणत नव्हती. येईल दोन दिवसांत, आत्याबाई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा आनंद होता आणि तो तिला लपवता आला नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्याजवळ दुसरं काय उरलं होतं?

मी शेळी सोडली, तिला दोरीनं बांधलं आणि साखळी धुवून पोत्यात भरली. आत्याबाईनं विचारलं, बरी बांधली होती, सोडली काहून. कामाची आहे म्हटलं.

त्या रविवारी मी मुलीला आजीकडेच ठेवून निघाले. मालेगाव, वाशीम, तिथून मानोऱ्याची गाडी, मग पोहरादेवी. यात्रेचे दिवस नव्हते, नारळफुलांच्या दुकानांपुढे मालक लोक पेंगत बसले होते. ऑपरेटरचं बिऱ्हाड विचारत गेले. एका घराच्या मागची खोली, पुढे पत्र्याचं छप्पर, त्याखाली शिलाई मशीन. त्याची बायको मशीनवर होती. मला पाहून तिनं पाय थांबवला. ये म्हणाली नाही. आतून तो आला. वर्षभरात त्याचे केस खूप पांढरे झाले होते. त्यानं मला बसायला बाज दाखवली.

मी येताना वाटेत वाक्य जुळवून आणलं होतं. ते तसंच्या तसं म्हटलं. "तुमची चूक नोती. मले आता कळलं."

तो म्हणाला, "मले पहिलेच माहीत होतं."

मग सांगितलं का नाही, मी विचारलं. त्यावर त्याची बायको बोलली. किती जणांना सांगितलं, म्हणाली. सरपंचाला सांगितलं, तुमच्या भावकीत सांगितलं, विहारात सांगितलं. उलटा करंट येतो म्हटलं की लोक हसत. घरातला माणूस गेला त्या बाईला खोटं पाडता काय, म्हणत. ती हे सगळं मशीनकडे पाहत बोलली, माझ्याकडे नाही.

मला वाटलं होतं, मी माफी मागितली की तो काहीतरी म्हणेल. जाऊ द्या, असं काहीतरी. तो जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, "पण माही चूक नोती, असं नाई वैनी."

मला समजलं नाही.

"त्यानं फोनवर सांगतलं होतं मले. साखळी घरी रायली म्हने. मी म्हनलं असतं, घेऊन ये, तं थो गेला असता घरी. दहा मिनिटाचा रस्ता. लोकायचे फोन येऊन रायले होते, लग्नवाले बोंबलून रायले होते. मी म्हनलं, जाय, उरक. परमिट देल्लं." त्यानं बायकोकडे पाहिलं. "चौकशीत मले इचारलं, साखळीचं काही बोलला होता काय. मी नाई म्हनलं."

हे त्यानं कुणासाठी केलं, ते मी विचारलं नाही. साखळीचं खरं निघालं असतं तर नवऱ्याचा हलगर्जीपणा असं कागदावर आलं असतं आणि मला त्याची जागा मिळायला अडचण आली असती. आणि परमिट दिल्याबद्दल याचीही नोकरी गेली असती. दोन्ही खरं होतं. त्यालाही कदाचित नक्की सांगता आलं नसतं.

मग मी माझं सांगितलं. साखळी दाराआड होती, माझ्या पायात येत होती, मी ने म्हटलं आणि तो उद्या म्हणाला, आणि मी पुन्हा म्हटलं नाही. त्यानं ऐकलं. आम्ही दोघं तिथे बसलो होतो आणि आमच्यापैकी कुणीच दुसऱ्याला असं म्हटलं नाही की तुझी काही चूक नाही.

मी उठले तेव्हा त्याच्या बायकोनं विचारलं, "गावात सांगसान काय हे?"

सांगीन म्हटलं. ती म्हणाली, सांगा, पण आम्ही काही वापस येणार नाही. आणि मशीन चालू केली. चहा तिनं विचारला नव्हता, आणि विचारला असता तर मला पिता आला नसता.

परतीच्या गाडीत एका म्हाताऱ्यानं मला कुठली म्हणून विचारलं, काय करता म्हणून विचारलं. लाईनवर काम करते म्हटलं तर त्याला फार नवल वाटलं. बाईमाणूस खांबावर चढते म्हणून तो पुढच्या बाकावरच्यांना सांगत राहिला. वाशीमपर्यंत सगळी गाडी माझ्याकडे पाहत होती.

आत्याबाईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुलगी अंगणवाडीत गेली होती. जनरेटरचं सांगितलं, साखळीचं सांगितलं, फोनवर दोघांचं काय बोलणं झालं तेही सांगितलं. माझं घरातलंही सांगितलं. समजेल असं सांगावं म्हणून जमिनीवर काडीनं डीपीसुद्धा काढून दाखवली. ती ऐकत होती, किंवा मला तसं वाटलं. मग तिनं पायानं ती आकृती पुसली.

"मेलेल्या लेकाले खोटं पाडाले शिकून आली काय तू?"

मी म्हटलं, खोटं नाही पाडत. झालं ते सांगते.

ती म्हणाली, "मले नको सांगू. त्यानं मारलं माह्या लेकाले, मी एवढंच जाणते. तेवढं बी नेशीन तं मी काय करू?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. स्वयंपाक ती करते, डबा भरून ठेवते, मी ड्युटीवर जाते. मुलगी तिच्याजवळ निजते. मला ती पुन्हा मम्मी म्हणायला लागली, पण काही लागलं, काही खुपलं की मायच म्हणते. गावात मी दोघा-तिघांना खरं सांगून पाहिलं. सरपंचानं मान हलवली आणि म्हणाला, जाऊ द्या आता, झालं ते झालं. भावकीतल्या एकानं विचारलं, त्या ऑपरेटरनं तुले काही देल्लं काय. तेव्हापासून मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्याला जाऊन दोन वर्षं भरली तेव्हा घरी कार्यक्रम केला. पाहुणे आले, भंतेजी आले, वंदना झाली. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा अमरावतीकडचे एक नातेवाईक, जे त्या वेळी येऊ शकले नव्हते, आत्याबाईला विचारू लागले, नेमकं झालं काय होतं. आत्याबाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मुलगी. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. तार तुटली, लेकानं फोन केला, वर चढला, आणि त्या हरामखोरानं लाईन सुरू केली. ती सांगत असताना मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत होती. पप्पा ड्युटीवर गेले हे केव्हाच संपलं होतं. शेवटचं वाक्य मुलीनं आजीच्या बरोबरीनं म्हटलं, शब्दाला शब्द. तिला ते पाठ झालं होतं.

नातेवाईकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाताचं पातेलं घेऊन पंगतीत उभी होते. मी पुढच्या माणसाला वाढलं.